अंबाडीचे लहान नर

त्या मेलमधल्या म्हणण्यापेक्षा केसरीनाथला जास्त लागला तो त्यातला नम्रपणा. कॉलेजच्या ऑफिसात एकच कॉम्प्युटर होता आणि त्यावर आलेलं टपाल क्लार्क प्रिंट काढून ज्याचं त्याला देत असे. तशी ही दोन पानं गुरुवारी दुपारी स्टाफरूममध्ये त्याच्या टेबलावर येऊन पडली. मजकूर इंग्रजी, 'आदरणीय भोईर सर' अशा थाटाची सुरुवात. मग तुमच्याच कामावर आम्ही शिकलो. मग आपला अमूल्य वेळ. तेहतीस वर्षं प्राणिशास्त्राची मास्तरकी केलेल्या माणसाला एवढं कळतं, की पहिल्या पानावर इतकं लोणी असेल तर दुसऱ्या पानावर सुरी असणार. ती होतीच. रीमा नावाच्या, त्याने कधी न पाहिलेल्या, पुण्याकडच्या कुठल्याशा संस्थेत भुंगेऱ्यांवर काम करणाऱ्या मुलीने लिहिलं होतं, की तुम्ही चौऱ्याण्णव साली वेगळ्या केलेल्या दोन जाती मला एकच वाटतात. नेमकी त्याच वेळी वीज गेली आणि समोरच्या गल्लीतले यंत्रमाग थांबले. भिवंडीत माग चालू असले की कुणाला ऐकू येत नाहीत, बंद पडले की मात्र कानांना दडे बसल्यासारखं होतं. त्या शांततेत पलीकडच्या टोकाला कुणीतरी जेवणाचा डबा उघडला, आणि केसरीनाथने काही कारण नसताना ती दोन्ही पानं घाईने दुमडून खिशात घातली.

स्टॅग बीटल म्हणजे डोक्यावर शिंगं असलेला काळा भुंगेरा. शिंगं कसली, जबडेच ते, पुढे वाढलेले. नराला असतात, मादीला नावापुरते. अंबाडी गावाच्या पुढच्या रानातून त्याच्याकडे जे नर येत ते अंगठ्याएवढे असत, शिंगं लांब, कमानदार, मध्यावर एक जाड दात आणि टोकाशी दोन. शेलार गावी, त्याच्या बापाच्या घरामागे, आंब्याच्या कुजक्या बुंध्यात मिळत ते नर करंगळीच्या पेराएवढे, शिंगं आखूड आणि सरळ, दात म्हणावेत तर आतल्या कडेला नुसत्या बारीक खाचा. शेजारी शेजारी ठेवले तर पोरंसुद्धा म्हणतील, हे वेगळे. पण इतक्या जवळच्या जाती वेगळ्या करायच्या तर पोरांच्या डोळ्यांवर भागत नाही. डोक्याच्या पुढच्या कडेचा बाक बघावा लागतो, पुढच्या पायावरचे काटे मोजावे लागतात, पाठीच्या कवचावरची टिंबं भिंगाखाली धरावी लागतात, आणि सगळ्यांत शेवटी नराचं जननांग काढून बघावं लागतं, कारण जात बदलली की तिथे बहुधा फरक पडतो. काटे सारखे होते. टिंबं सारखी होती. जननांगं त्याने दोन्हींकडचे तीन तीन नर उघडून बघितली आणि शेलारच्या एका नराच्या नळीला किंचित बाक दिसला. वाळताना आलेला असेल, हे त्याला तेव्हाही सुचलं होतं. तरी त्याने तो बाक टोकदार पेन्सिलीने, फार सुंदर काढला. त्याची चित्रकला पहिल्यापासून चांगली होती.

मोठ्याचं नाव आधीच झालेलं होतं, शंभर वर्षांपूर्वी कुणा साहेबाने ठेवलेलं. नवा होता तो शेलारचा लहान. त्याला केसरीनाथने आपल्या बहिणीचं, आक्काचं नाव दिलं, लॅटिनच्या रिवाजाप्रमाणे शेपूट लावून. तो दोन वर्षांचा असताना आई गेली आणि आठ वर्षांनी मोठ्या आक्काने त्याला कडेवर घेतलं. तिनेच वाढवलं, तिनेच शाळेत घातलं. पुढे लग्न झालं, नवरा लवकर गेला, ती मुलाला घेऊन शेलारला बापाच्या घरी परतली ती कायमची. लेख छापून आला तेव्हा त्याने पहिलं पान काचेत मढवून तिला नेऊन दिलं आणि भिंतीवर आपल्या हाताने खिळा ठोकला. पाहुणेरावळे आले की ते दाखवलं जाई. इंग्रजी कुणाला वाचता येत नसे, पण चित्र कळे, आणि गावात तो किडा आक्काचा किडा झाला. त्याचे चुलतभाऊ शेतं विकत होते, त्यांच्या खाचरांवर पत्र्याची गोदामं उभी राहत होती, एकेकाच्या दारात दोन दोन गाड्या होत्या, आणि लग्नाकार्यात ते केसरीनाथच्या पाठीवर थाप मारून विचारत, काय सर, किड्यांचं काय चाललंय. तो हसत असे. त्यांची गोदामं आणखी तीस वर्षांनी गंजतील, नाव मात्र जगातल्या प्रत्येक यादीत राहील, हे तो मनात म्हणे आणि त्याला बरं वाटे. त्याच्या आयुष्यात स्वतःशी म्हणावं असं दुसरं फारसं काही नव्हतं. कॉलेजात पोरं त्याला किडेसर म्हणत. बायको विनिता त्याच्या पेट्यांतल्या डांबराच्या गोळ्यांच्या वासाने वैतागे.

संध्याकाळी घरी ती पानं त्याने पुन्हा वाचली. रीमाने काही नवं सांगितलं होतं असं नाही, हेच जास्त चीड आणणारं होतं. या भुंगेऱ्याची अळी दोनतीन वर्षं कुजक्या लाकडात राहते. जिला जाड, ओलं, कसदार लाकूड मिळतं तिचा मोठा नर होतो, जिची उपासमार होते तिचा लहान. आणि नुसता लहान नाही होत, त्याच्या शिंगांची घडणच वेगळी निघते, दात वेगळे निघतात, बघणाऱ्याला वाटतं जातच दुसरी. एकदा कवच धरलं की मग वाढ नाही, कितीही खाल्लं तरी. हे केसरीनाथ दरवर्षी दुसऱ्या वर्षाच्या पोरांना शिकवत होता. आता रीमाला पडघ्याला, हायवेवरच्या एका नव्या गोदामाच्या दिव्यांखाली, अकरा नर मिळाले होते. सात मोठे आणि चार मधले. मधले म्हणजे शिंगं ना लांब ना आखूड, जाड दात आहे पण अर्धामुर्धा. जननांगं सगळ्यांची सारखीच. पण इतक्या जवळच्या जातींत तीही कधी कधी सारखी असतात, असं तिनेच प्रामाणिकपणे लिहिलं होतं. म्हणून तिला एकाच ठिकाणची पूर्ण ओळ हवी होती, सगळ्यांत लहानापासून सगळ्यांत मोठ्यापर्यंत. 'सर, अंबाडी परिसरातले लहान नर आपल्या संग्रहात आहेत का? असतील तर प्रश्न मिटतो. नसतील तर निदान आत्ता तरी मी आपलीच मांडणी कायम ठेवीन. सोमवारी मला लेख द्यायचा आहे.'

त्याने पेट्या काढल्या. वास नाकात गेला तशी विनिता आतून काहीतरी बोलली. अंबाडीचे एकतीस नर रांगेत टाचलेले होते, सगळे मोठे, सगळे देखणे. शेलारचे सत्तावीस, सगळे लहान. मधला एकही नाही. अंबाडीचा लहान एकही नाही. म्हणजे नाहीतच. त्याला एकदम हलकं वाटलं, त्याने विनिताला चहा टाकायला सांगितलं आणि दोन घोट घेतले. तिसऱ्या घोटाला मात्र त्याच्यातला मास्तर जागा झाला. एखाद्या वर्गाचे एकतीस पेपर आले आणि एकतीसच्या एकतीस पहिल्या वर्गात पास, तर हा मास्तर काय म्हणेल? तो म्हणेल, पेपर कुणी निवडले? अंबाडीचा प्रत्येक भुंगेरा तिथल्या अनंता नावाच्या कुणब्याने आणलेला होता. केसरीनाथ त्या रानात स्वतः दोनदाच गेला होता, तोही कॉलेजच्या सहलीबरोबर. चहा निवला. विनिताने कप तसाच उचलून नेला.

शुक्रवारी मागांना सुट्टी असते. त्या दिवशी शहरात माणसं दाढ्या करतात, रस्त्यात उभी राहून बोलतात, आणि मोठ्याने बोलायची सवय लागलेली असल्यामुळे सगळं गाव भांडल्यासारखं ऐकू येतं. केसरीनाथने कॉलेजात रजा टाकली आणि वाडा गावाकडे जाणारी सिक्स-सीटर धरली. "अंकल, थोडा अंदर सरको," ड्रायव्हर म्हणाला, आणि तो सरकला. तो उंच होता, सहा फुटाला दोन बोटं कमी, त्यामुळे अशा गाडीत त्याचे गुडघे समोरच्याच्या गुडघ्यांत जात. सगळ्या भोईरांत एवढा उंच कुणी नव्हता. लहानपणी शेलारला तो वर्गात सगळ्यांत मागे बसे आणि बाहेर आक्का त्याच्यासाठी उभी असे. सातवीत त्याचं डोकं तिच्या वर गेलं. मास्तरांना ती त्याची धाकटी बहीण वाटली होती. आक्का आईच्या वळणावर गेली, लहानखुरी, असं घरात म्हणत, आणि तोही पुढे सगळ्यांना तेच सांगे. किड्याचं नाव ठरवताना आधी भुंगेऱ्याचा आकार डोळ्यांसमोर आला की आधी आक्का, हे त्याला आता आठवेना. बाहेर दोन्ही बाजूंना गोदामं संपतच नव्हती, आणि त्यांच्यामध्ये कुठे कुठे भात पिवळं पडून कापणीची वाट बघत होतं.

अनंताचं घर अंबाडीच्या नाक्यापासून आत, दीडेक मैल. कुणब्याचं घर, शेणाने सारवलेला ओटा, पुढे कोंबड्या. अनंता ओट्यावर विळ्याला धार लावत बसला होता. आठनऊ वर्षं तो दर पावसाळ्याच्या तोंडाला वनस्पती तुपाच्या डब्याला भोकं पाडून त्यात भुंगेरे घेऊन भिवंडीला येई, स्टाफरूमच्या दाराबाहेर चपला काढी आणि आत न येता हाक मारी. लेखाच्या शेवटी केसरीनाथने त्याचे आभार मानले होते. ते अनंताला सांगायचं मात्र राहून गेलं होतं.

"सर?" अनंता उठला. केस सगळे पांढरे झाले होते, दात गेले होते. "आनि न सांगता न सवरता? गुना, पानी आन. भोईर सर आले हाईत."

गुणाबाईने तांब्या आणला, पदर सावरून दाराशी उभी राहिली. शेतीचं, पोरांचं बोलून झालं. मग केसरीनाथने सहज विचारल्यासारखं विचारलं, "अनंता, ते शिंगवाले किडे तू आणायचास ना, त्यात लहान कधी नसायचे. तुमच्या रानात लहान होतच नाहीत का?"

अनंता हसला. "न व्हायला काय झालं? मोठ्यांपरीस बारीकच जास्ती. कुजका ओंडका फोडला का दोन मोठं, चार मधलं, नि बारीक तर इचारूच नका."

"एकाच ओंडक्यात?"

"मंग? एकाच आयची पोरं ती. एकाला खायला गावतं, एकाला न्हाय."

केसरीनाथ पाणी प्यायला. तांब्या थंड होता. "मग आणले का नाहीस कधी?"

"आनलं व्हतं की. पयल्या येलंला समदं भरून आनलं व्हतं. तुमी डबा टेबलाव वतला नि बोलला, ह्यो कचरा कशाला आनलास? चांगलं वाढलेलं आन. मंग काय, मी रानातच निवडायला लागलो. मोठं तेवढं डब्यात, बाकीचं टाकून द्यायचं."

"टाकतंय कुटं," गुणाबाई दारातून म्हणाली. "घरी आनून कोंबड्यांना घालायचा. कोंबड्या वलखायच्या त्याला डबा घेऊन आला का."

"सर, माजं काय चुकलं का?" अनंताने विचारलं. तो सरळ केसरीनाथच्या तोंडाकडे बघत होता. "पायजे तर मृगात परत आनून देतो. रान ऱ्हायलं न्हाय आता, पन धा-पाच बारीक गावतील."

"नाही. तुझं काही चुकलं नाही," केसरीनाथ म्हणाला. हे खरंच होतं. निघताना गुणाबाईने त्याला पिशवीत दोन काकड्या घालून दिल्या, आणि अनंता नाक्यापर्यंत सोडायला आला, वाटेत हा ओंडका कुठे असायचा आणि तो कुठे असायचा ते दाखवत. तिथे आता वीटभट्टी होती.

कचरा हा शब्द त्याचाच होता. परत येताना तो दिवस त्याला लख्ख आठवला. प्रिन्सिपॉल त्या दिवशी स्टाफरूममध्ये बसले होते, डबा ओतल्यावर शंभरेक बारके भुंगेरे टेबलभर पळाले, एक प्रिन्सिपॉलांच्या बाहीवर चढला, सगळे हसले, आणि केसरीनाथ एका कुणब्यावर ओरडला. एवढंच झालं होतं. तेवढ्यावर एक जात उभी राहिली. एकीकडे बारीक टाकून देणारा अनंता, दुसरीकडे घरामागचा तो एकच आंब्याचा बुंधा, चहूबाजूंनी कोरडा पडलेला, ज्यात बिचाऱ्या कुठल्या अळीला पोटभर मिळणार. जगाला दोन ढीग दिसले, कारण मधलं सगळं कोंबड्यांनी खाल्लं होतं. त्याला स्वतःची इतकी शरम वाटली की सिक्स-सीटरमध्ये त्याने डोळे मिटून घेतले. पण शरम ही फार वेळ टिकणारी गोष्ट नाही. भिवंडीच्या वेशीवरच्या गोदामांशी गाडी ट्रॅफिकमध्ये अडकली आणि तेवढ्यात तिच्या जागी दुसरं काहीतरी येऊन बसलं. रीमाने विचारलं काय होतं? आपल्या संग्रहात आहेत का. रानात आहेत का, असं तिने विचारलंच नव्हतं. संग्रहात नाहीत. हे अक्षरशः खरं होतं, आणि त्याखाली कुणीही बिनदिक्कत सही केली असती.

आणि मग आक्का. आक्का पासष्टची झाली होती, गेल्या वर्षी तिला दोनदा ॲडमिट केलं होतं. तिच्या नावाचं या जगात काय होतं? घर बापाचं, मग मुलाचं. जमीन चुलतभावांच्या नावावर. रेशनकार्डावर ती भावेशची आई. एका भुंगेऱ्यावर तेवढं तिचं नाव होतं आणि ते आता एका पोरीच्या चार ओळींनी खोडलं जाणार, साहेबाच्या नावाखाली कंसात कुठेतरी पडून राहणार. ती आहे तोवर तरी नको. पुढे कुणाला काय शोधायचं ते शोधा. शनिवारी दिवसभर, पोरांना गांडुळाची चिरफाड शिकवताना, हा विचार त्याच्या मनात घोळत राहिला आणि जसजसा घोळला तसतसा त्याला चव येत गेली. संध्याकाळपर्यंत तो जवळजवळ त्याग वाटू लागला. बहिणीसाठी भावाने स्वतःच्या शास्त्राशी थोडी तडजोड करायची, यात वाईट काय? विनिता म्हणालीसुद्धा, आज बरे दिसताय.

रविवारी तो शेलारला गेला, तो त्या चौकटीकडे एकदा बघून घ्यायला. आक्काला काही सांगायचं त्याच्या मनात नव्हतं. भावेश बायकोमुलीला घेऊन सासुरवाडीला गेला होता, आक्का पडवीत सूप घेऊन सुकट निवडत बसली होती. बसलेली असली की ती आणखीच लहान दिसे. भिंतीवर काच लखलखीत पुसलेली होती. केसरीनाथ तिच्यासमोर पाटावर बसला, गुडघे वर आले. तिने त्याच्याकडे एकदा बघितलं.

"तोंड का उतरलाय तुजा?"

आक्काने असं विचारल्यावर खोटं बोलायची सवय त्याला कधी लागलीच नव्हती. "एक मुलगी आहे पुण्याची," तो म्हणाला. "ती म्हणते, तुझ्या नावाचा किडा वेगळा नाहीच."

"मंग काय हाय तो?"

"मोठ्यातलाच. अंबाडीकडचा मोठा असतो ना, त्याच्यातलाच. लाकडात असताना खायला कमी मिळालं की असा बारीक राहतो. मग पुढे वाढत नाही."

आक्काचे हात थांबले नाहीत. तिने सुकटीतून एक शिंपला वेचून बाजूला टाकला. "मंग बराबर हाय," ती म्हणाली.

"काय बरोबर?"

"माजा नाव. न कलता का व्हयना, बराबर दिलास."

त्याला कळलं नाही. कळलं नाही असं त्याने नंतर स्वतःला सांगितलं.

"आय मेली ना, त्या वरसाचा बोलते," आक्का म्हणाली, कुणा तिसऱ्याची हकीगत सांगावी तसं. "बाबा मिठागराव जायचा. घरात एक शेली. पेलाभर दूद. बाबा बोलायचा, नाथाला दे, पोरगा हाय. कोंबडीचा आंडा नाथाला, मच्छीचा तुकडा नाथाला. मना पेज. तू खाऊन ऱ्हायला तर मी खायची, पन तू ठेवायचास कुटं? चांगला खानारा व्हतास. चार वरसा तशी गेली. मी दहाची व्हते, चवदाची झाले. ती वाढायची वरसा. मंग घरात बरकत आली, मंग खाल्ला पन मी, पन काय उपेग न्हाय झाला."

"पण तू आईच्या वळणावर..." तो म्हणाला. "आई लहानखुरी होती ना."

आक्का हसली. "तुना कोनी सांगला? आय चांगली ताठ, उंच व्हती. माज्यापरीस हातभर उंच. तिच्या चार चोल्या बाबाने माज्यासाठी पेटीत ठेवल्या व्हत्या, पोरगी मोटी झाली का घालील म्हनून. मी वरसाला काढून बगायची. लगीन ठरला तवा पन खांद्यावरून उतरायच्या. मंग भांडीवालीला दिल्या."

पडवीत माशांचा खारट वास भरून राहिला होता. पलीकडच्या शेडमध्ये रविवारी माग चालू असतात, तो आवाज इथे पोचायचा. केसरीनाथला आईचा चेहरा आठवत नव्हता, फोटो नव्हता. आई लहानखुरी होती एवढी एकच गोष्ट तो तिच्याबद्दल जाणत होता आणि ती त्याने आयुष्यभर, कुणी आक्काकडे बघून हसलं की, पुढे केली होती. कुणी सांगितली असेल? बाबानेच. बाबाला सांगणं भाग होतं. आपले लांब हात कुठे ठेवावेत ते त्याला कळेना. "तू कधी बोलली नाहीस," तो म्हणाला.

"तू कवा इचारलास?" तिच्या आवाजात राग नव्हता, आणि राग असता तर बरं झालं असतं. "आनि इचारून काय? तू काय मागून खाल्लास का? वाढनारा वाढत व्हता." तिने सूप झटकलं. "ती पोरगी खरा बोलते. तिला सांग, खरा हाय म्हनून. पोरगी शिकलेली, तिला कशाला आडवा येतोस? नि तो कागद काढ तितून. सगली बोलतात आक्काचा किडा, आक्काचा किडा. बाराखडी न्हाय शिकले मी, नि माजा नाव किड्याला. मना कवाच बरा न्हाय वाटला तो."

"मग तेव्हा का नाही म्हणालीस?"

"तू केवड्या हौसेनं आनलास." तिने सूप खाली ठेवलं. "चौकट ठेव पन. काच चांगली हाय. भावेशच्या पोरीचा फोटू लावीन."

त्याने स्टुलावर न चढता हात वर केला आणि खिळ्यावरून चौकट काढली. मागचे चार बारीक खिळे उपटून पान बाहेर ओढलं. बारा वर्षांत कागदाच्या कडा पिवळ्या पडल्या होत्या, मधला भाग, चित्राचा, अजून पांढरा होता. आक्का म्हणाली, जेवून जा, सुकट करते, पण तो म्हणाला की विनिता वाट बघेल. विनिताला त्याने काही सांगितलेलं नव्हतं.

सोमवारी अकराच्या तासाआधी तो ऑफिसात गेला आणि क्लार्कला म्हणाला, मी स्वतःच टाइप करतो. तुझ्या मेहनतीचं चीज होवो वगैरे मुलीला लिहायचं, अंबाडीला लहान नर आहेत, सर्व आकारांचे आहेत, एकाच ओंडक्यात आहेत, ते मीच आणू दिले नाहीत, असं चार ओळींत लिहायचं, मोकळं व्हायचं. आक्काने त्याला सोडवलं होतं. आक्कासाठी म्हणून खोटं बोलायची सोयच तिने ठेवली नव्हती. त्याने 'प्रिय रीमा' लिहिलं आणि बसून राहिला. काचेच्या पलीकडे पोरं जिन्यावरून उतरत होती, बारकी, मागवाल्यांची, डब्यात कांदा-चपाती आणणारी पोरं, आणि त्यांच्यात एखादंच अंगाने भरलेलं. त्याला त्यांच्याकडे बघवेना. एक जात म्हटलं, की मग लहान तो लहान का, हा प्रश्न आला. मोठा तो कशावर मोठा झाला, हाही आला. त्याची उंची, त्याचे खांदे, सातवीतला मागचा बाक, सगळ्या भोईरांत उठून दिसणारं हे लांबरुंद शरीर, हे सगळं कुणाच्या तरी ताटातून उचललेलं ठरत होतं. दोन जाती असल्या की यातलं काहीच उरत नाही. ती लहान, कारण ती तशी. तो मोठा, कारण तो तसा. निसर्गाने केलेलं, कुणी कुणाचं खाल्लेलं नाही. हे नाव त्याने आक्कासाठी दिलंच नव्हतं, हे त्याला त्या खुर्चीत इतकं स्वच्छ दिसलं की त्याने मान खाली घातली. आणि दिसूनही काही बदललं नाही. त्याला ते नाव हवं होतं. आता तर जास्तच हवं होतं.

त्याने लिहिलं, की अंबाडी परिसरातला एकही लहान नर माझ्या संग्रहात नाही, तिथून आठनऊ वर्षं सातत्याने नमुने गोळा होऊनही एकही मिळालेला नाही, आणि ही बाब माझ्या मते दोन जाती भिन्न असल्याची निर्णायक खूण आहे. इंग्रजी त्याचं चांगलं होतं, वाक्य घोटीव झालं. मग त्याला पडघ्याच्या गोदामाशी दिव्याखाली उभी असलेली ही मुलगी डोळ्यांसमोर आली. ही नुसत्या उत्तरावर थांबणारी नव्हती. लेखाच्या शेवटचे आभार वाचून ही एक दिवस अंबाडीच्या नाक्यावर उतरणार, ओट्यावर बसणार, गुणाबाई तिला पाणी देणार. त्याने आणखी एक परिच्छेद जोडला. आपण त्या भागात गेलात तर माझा जुना संग्राहक अनंता आपल्याला भेटेल. माणूस सालस आहे, परंतु अशिक्षित असून वयोमानामुळे त्याची स्मरणशक्ती भरवशाची राहिलेली नाही. समोरच्याला बरं वाटावं म्हणून तो हवं ते सांगतो. त्याचं कथन पुरावा म्हणून धरू नये, ही विनंती. त्याने ते एकदा वाचलं, एक स्वल्पविराम दुरुस्त केला, पाठवून दिलं आणि खडू घेऊन वर्गावर गेला.